एंटविसलबाईंची तीन मांजरं

…अगं, पाळ म्हणत नाहीये मी, नुसती धर म्हणतोय. ही एक टोपली. दहा मिनिटं. चावत नाही आतला बोका — म्हणजे मला चावला, पण आमचं दोघांचं वेगळं आहे. तुझ्याकडे एकच कुत्रं ना? बरोबर. दारावरचा कागद वाचलास? गर्दीमुळे लस माणशी दोनच जनावरांना. माझ्याकडे तीन, तुझ्याकडे एक, झाली चार, आणि माणसं दोन. आपण नियम मोडत नाही पोरी, नीट वाटून घेतोय. आणि नियमांचं मला कुणी सांगायला नको, अकरा वर्षं रहिवासी मंडळाचा सेक्रेटरी आहे मी. वीव्हर्स कोर्ट. जुन्या गिरणीमागची तपकिरी इमारत — हो, लिफ्ट बंद असते तीच. असते म्हणजे काय, फेब्रुवारीपासून आहे. अख्ख्या रॉचडेल गावाला ठाऊक दिसतंय.

माझी? छे! मी आणि मांजरं? ही एंटविसलबाईंची. तिसरा मजला, नऊ नंबर, माझ्या समोरचं दार. कोटावर केस दिसतायत ते जिन्यात उडतात म्हणून. आणि बाहीवर — बरं, बाहीवर एक झोपते. कधीकधी. त्याला पाळणं म्हणत नाहीत. चल, सरक पुढे, रांग हलली. तो अल्सेशियनवाला बघ कसा मधेच घुसतोय! अहो! अहो साहेब, नंबराची चिठ्ठी कशासाठी दिलीय? — बघ, गेला मागे. आवाज असा लावायचा. अकरा वर्षांची सवय आहे.

तर काय झालं, गेल्या वर्षी आमच्या इमारतीत मांजरांच्या फ्लूची साथ आली. साथ म्हणजे एक मांजर शिंकलं. पण ते डोरीनचं होतं, आणि डोरीन आमची खजिनदार, म्हणून झाली साथ. मग मी नियम केला. नियम एकवीस: इमारतीतल्या प्रत्येक जनावराचं चालू वर्षाचं लसीचं कार्ड मंडळाला दाखवावं, नाहीतर मुदत संपताच जनावर बाहेर. सुटसुटीत नियम. सगळ्यांनी हात वर केले. एंटविसलबाई तेवढ्या म्हणाल्या, "क्लिफर्ड, माझ्या तिघांचे जनावरांच्या दवाखान्यात किती पैसे होतात ठाऊक आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, बाई, बैठकीत वैयक्तिक प्रश्न काढायचे नसतात. इतिवृत्तात तसं लिहिलंही. आता मला काय माहीत दवाखानेवाले किती घेतात? माझ्याकडे कधी जनावर होतं? तेव्हा नव्हतं, म्हणजे आत्ताही नाहीच. इथे मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा पाच पौंडांत लस टोचतात, नाव नोंदवायला नको, नुसतं यायचं — हे मला सांगितलं कुणी? तिनंच. विनीनं.

विनी म्हणजे एंटविसलबाई. हसतेस काय? नाव आहे तिचं.

पत्रं मी तीन पाठवली. पहिलं सौम्य, दुसरं कडक, तिसरं अंतिम. तिसरं तर मी चार वेळा लिहून काढलं, दोन संध्याकाळी गेल्या. चांगलं जमलं होतं. "मुदतवाढ कोणत्याही कारणास्तव मिळणार नाही" — ही ओळ माझीच. डोरीननं टाळ्या वाजवल्या. लिफ्टवाल्यांना लिहायचं पत्र तेवढं राहून गेलं. एका माणसानं किती लिहायचं? आणि विनीचं उत्तर नाही, काही नाही. मी रोज सकाळी पायपुसण्याखाली बघायचो, तिनं एखादी चिठ्ठी सरकवलीय का. भांडायला तरी यावं माणसानं, की नाही? समोर तर राहते.

ती पत्रं गेली कुठे ते नंतर कळलं. मांजरांच्या शी-शूच्या तबकात! नीट घड्या घालून, कोपऱ्याला कोपरा जुळवून अंथरलेली. दुसरं आणि तिसरं. माझी सही अगदी मधोमध. मी बदलला तो कागद. बदलावा लागतोच रोज. आता वर्तमानपत्र घालतो.

तिच्या घरात कसा म्हणजे? किल्ली आहे माझ्याकडे. तिनंच दिली. स्ट्रेचरवरून. …हो, पडली ती. मागच्या महिन्यात, याच हॉलला यायला निघाली होती, दोन टोपल्या दोन हातांत घेऊन. कठड्याला धरायला हात मोकळा कुठला? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तोल गेला. खुब्याचं हाड. मी आवाज ऐकून आलो तर टोपल्या तिनं वर धरलेल्या, आपटू दिल्या नाहीत हं, आणि स्वतः खाली अशी वाकडी पडलेली. रुग्णवाहिकेच्या माणसांनी विचारलं, घरी कोण आहे? तर म्हणाली, कुणी नाही. मग माझ्याकडे बघितलं, किल्ली हातात ठेवली, म्हणाली, "तीन आहेत, क्लिफर्ड. आकडा तुम्हाला पाठच असेल." टोमणा मारायला सुचतो बघ, खुबा मोडलेला असताना! मी मूर्खासारखा म्हटलं, "हो."

पोरी, तुझं कुत्रं माझ्या बुटाची नाडी खातंय. खाऊ दे, खाऊ दे.

तर सोमवारी मुदत संपते आणि गुरुवारी विनी घरी येतेय. मी मंगळवारी बैठकीत म्हटलं, बाई दवाखान्यात आहेत, दोन आठवडे थांबू. तर डोरीननं पिशवीतून माझंच पत्र काढलं आणि मोठ्यांदा वाचलं. कोणत्याही कारणास्तव. पाच विरुद्ध एक. अकरा वर्षांत माझा ठराव पहिल्यांदा पडला, आणि पाडला कुणी? मीच. असं नको बघूस, मला कळतंय ते. रात्रभर कळत होतं. सोमवारी डोरीन बेवारस जनावरांच्या निवाऱ्याची गाडी बोलावणार, आणि ती बाई काठी टेकत तीन मजले चढून येणार रिकाम्या घरात — नाही. म्हणून आलो. एकेक टोपली खाली आणली, तीन खेपा केल्या. कठडा धरून. आज पहिली सुई टोचली तरी कार्डावर शिक्का पडतो, मी फोन करून विचारलंय. दुसरी पुढच्या महिन्यात. म्हणजे पुढच्या महिन्यात तुलाही यावं लागेल. बघू ते मागाहून.

तू नुसतं म्हणायचं, मी एंटविसलबाईंची भाची, मावशी आजारी आहे. मांजराचं नाव विचारतील. नाव… नावाचं काय एवढं? 'बोका' सांग. बरं, नाव लागतंच कार्डाला, ते खरं. ही पांढरी डचेस, ही एका कानाची मॉड, या दोघी माझ्याकडे. तुझ्याकडे हा लाल. तो… तो क्लिफर्ड.

हस. हस हवं तेवढं. वाडग्यावर लिहिलेलं आहे, तिच्याच अक्षरात. तिथे टेबलाशी मी उभा राहून सांगू, माझं नाव क्लिफर्ड आणि बोक्याचंही क्लिफर्ड? म्हणून तर तुला घे म्हणतोय हा. खच्ची केलेला आहे, हेही कळलं. मला आधी वाटलं, पत्रांचा सूड. पण बोका आठ वर्षांचा. आठ वर्षांपूर्वी कुठली पत्रं? आठ वर्षांपूर्वी मी फक्त तिच्या दाराची बिजागरी बसवून दिली होती आणि चहा प्यालो होतो. केक होता आल्याचा. पुन्हा बोलावलं तेव्हा मी म्हटलं, सेक्रेटरीनं एकाच घरी जाणं बरं दिसत नाही. मग माणूस बोक्याला असं नाव का देतो? थट्टेनं देतो, नाहीतर… नाहीतर काय ते मला ठाऊक नाही. मी विचारणार नाही. गुरुवारी दार उघडून देणार, कार्डं देणार, झालं.

घेतेस? खरंच? बुडाखाली हात धर, टोपलीचा तळ कुजका आहे. शाब्बास. आता इथून पुढे तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही. आला माझा नंबर. बावीस, हो, मीच बावीस —

नमस्कार, बाई. दोन. डचेस आणि मॉड. दोघी सहा वर्षांच्या. मालकीण विनिफ्रेड एंटविसल, नऊ नंबर, वीव्हर्स कोर्ट. नाही, ती दवाखान्यात आहे. मी क्लिफर्ड ऑर्मरॉड. …मालकिणीशी नातं? नातं कशाला लागतं? अच्छा, रकाना आहे. रकाना असला की भरायलाच हवा, ते मला सांगू नका. सेक्रेटरी लिहा. बसत नाही? मग शेजारी. थांबा — अजून काय काय आहे त्या यादीत? मुलगा, नवरा, मित्र… आणि ज्यानं पत्रं लिहिली आणि लिफ्टचं लिहायचं विसरला, जिच्या हातात टोपल्या होत्या तिला ज्यानं —

शेजारीच लिहा.

तू काय बघतेस गं? मी तुला ओळखत नाही. तुझा नंबर आलाय, जा पलीकडच्या टेबलाला.