पाठ असलेल्या उत्तराचं सोंग

मंडळी, ऐका. आज घसा बसलाय, तेव्हा पेटीवाले, सूर खालचाच धरा. प्रश्न साधा आहे. एखादी गोष्ट आपल्याला येते — चांगली येते — आणि ती पहिल्यांदाच पाहतोय असं दाखवलं, तर ते खोटं का? त्या खांबाशी बसलेले काका म्हणतायत, त्यात कुणाचं काय जातं! बरोबर. निरंजन टिपणीसालाही हेच वाटायचं.

हा निरंजन पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, वय त्रेचाळीस. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा घरी बसला. तेव्हापासून मुलाखती आणि मुलाखती! तिथं अनुभव कुणी विचारत नाही हो, कोडं घालतात. एक कोडं तर ठरलेलं — दोन याद्या, दोन्ही आधीच लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेल्या, त्यांची एक करा.

कळलं नाही? अहो, शाळेच्या प्रार्थनेला दोन वर्गांच्या रांगा उंचीनं उभ्या आहेत. त्यांची एकच रांग करायचीय. सगळ्यांना मोजत बसाल? दोन्ही रांगांतले पुढचे दोघेच बघायचे. बुटका तो नव्या रांगेत. पुन्हा पुढचे दोघे. एक रांग संपली की दुसरीतले उरलेले आहेत तसे मागे जोडायचे. सुटलं कोडं!

निरंजनला हे झोपेतही आलं असतं. पण पटकन सांगायची सोय नव्हती! सांगितलं तर म्हणतात, पाठ करून आलाय. म्हणून सोंग. कपाळाला आठ्या घालायच्या, मुद्दाम चुकीची वाट धरायची, थबकायचं, आणि मग — 'अच्छा, असं केलं तर!' हसू नका. तुम्हीही तीच आख्यानं वर्षानुवर्षं ऐकता आणि ऐन प्रसंगी 'अरेरे' म्हणताच की. पण हा सोंग करून करून पार शिणला होता.

अशात एक चांगली जागा चालून आली. घराजवळ, पगार पहिल्याइतका. शेवटची फेरी. समोर ऋजुता नावाची मुलगी, तीही दमलेली. सकाळपासून येईल त्याचं 'अच्छा' ऐकत होती बिचारी. तिनं तेच दोन याद्यांचं कोडं घातलं आणि मान वर न करता, रीत म्हणून विचारलं, हे आधी सोडवलंय का? सगळे 'नाही' म्हणतात. निरंजनच्याही जिभेवर 'नाही' आलं होतं.

"सोडवलंय," तो म्हणाला. "पाठ आहे मला. विचार केल्यासारखं करायचं आता त्राण नाही."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. मनापासून आभार मानले. पण मग नियमानं दुसरं कोडं घालणं आलं. आता रांगा दोन नाहीत, अख्ख्या शाळेच्या! यानं दर वेळी सगळ्या रांगांतले पुढचे तपासायची रीत सांगितली. ती म्हणाली, बरोबर आहे, पण फार हळू. याहून झटपट सांगा. निरंजननं खरोखर विचार केला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. नाही सुचलं. इथवरच येतं म्हणाला आणि उठला.

मंडळी, नोकरी दुसऱ्याला मिळाली. त्या दोन याद्या जन्मात पाहिल्या नाहीत म्हणणाऱ्याला!

पडले ना चेहरे? खरं बोलणाऱ्याला लगेच पेढा मिळाला नाही, की तुम्हाला कथाच गोड लागत नाही. थांबा, उठू नका.

नकार कळला त्या दिवशी घरी जेवताना निरंजननं बायकोला, मृदुलाला, सगळं सांगितलं. तिनं विचारलं, 'नाही' म्हणाला असतास तर? तो म्हणाला, तर मिळाली असती. वाईट तिलाही वाटलं. का नाही वाटणार? तिनं त्याच्या पानात भात वाढला, आणि मग म्हणाली, "आता घरातलंही सोंग सोड. तुला रात्रभर झोप नसते, मला ठाऊक आहे."

"तुला कसं कळलं?"

"मीही जागीच असते. झोपल्याचं दाखवते, इतकंच."

बघा, मंडळी! एका अंथरुणावर दोघं, एकमेकांना त्रास नको म्हणून डोळे मिटून पडलेली. त्या रात्री दोघांनी उघड्या डोळ्यांनी नोकरीची भीती बोलून घेतली. मनसोक्त रडली. पहाटे झोपली, ती ऊन वर आलं तरी उठली नाहीत. पुढे त्याला नोकरी लागली, कमी पगाराची. पण ते या आख्यानात नाही.

आख्यान एवढंच, की काका, त्यात कुणाचं काय जातं म्हणालात ना? शेजारी निजलेलं आपलं माणूस हातचं जातं हो. आरती झाली की घरी जाल. दार उघडणारं माणूस विचारेल, बरं आहे ना? उत्तर तुम्हाला पाठ आहे. आजच्या दिवस ते देऊ नका. देवाचं नाव घ्या, आणि काय असेल ते सांगा.