कातडं माझं, काळजी गावाला

...आन् वर मलाच म्हणतेत, "शहादेव, तुझ्यामुळं पाऊस येईना!" आता तुमीच सांगा, उभ्या बीड जिल्ह्यात थेंब न्हाई, निम्मी जनावरं छावणीला गेली, आन् त्याचा धनी मी? कावून? आवो, मला सोरायसिस हाय! कोपरं, पाठ, मांड्या... लाल चट्टे, वरून पांढरा कोंडा झडतोय. लागट न्हाई, एकाचं दुसऱ्याला व्हत न्हाई म्हणून घसा कोरडा पडला. पर दूध सोसायटीत पाऊल टाकलं की चेअरमन सुंदरराव वरडतोय, "लांब बस बे, दुधात उडंल!" कातडं माझं, काळजी गावाला!

मग काय, भर उन्हाळ्यात फुल बाह्या! लग्नकार्य बंद. बायको म्हणायची, "आवो, माणसात या की!" म्या म्हणायचो, "माणसं येऊ देतील तवा ना!" तिनंच वडत आंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण पोरगेलीशी. मी शर्ट काढाया लागलो तर इचारती, "काका, झोप लागते का? शेवटचं कधी हसलात?" बगा आता! मी कातडं दाखवाया गेलतो, ही काळजात बगाया लागली! आन् मी येडा, रडलो की वो ढसाढसा. तिनं मलम दिलं, म्हणली, "सकाळचं कोवळं ऊन घ्या, थोडाच वेळ. आणि लपू नका."

ऊन! आवो, दुष्काळात दुसरं हाय काय आमच्याकडं? बसलो सोसायटीच्या ओट्यावर, उघडाबंब. गाव आभाळाकडं बगून म्हणतंय, "ये रं बाबा!" आन् मी म्हणतोय, "ढगा, जरा थांब!" नेमकं ते शेजारच्या सटवानं ऐकलं, आन् गावभर केलं, ह्योच पाऊस अडवतोय म्हणून. झालं! कातडं माझं, काळजी गावाला!

दुसऱ्या दिशी सगळे चालून आले. म्हणलं, आता हाणतेत. तर सुंदरराव म्हणतोय, "पोरं धोंडी व्हायाला लाजतेत. तू उघडाच हायस, चल!" धोंडी म्हंजी अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार फिरायचं, बायांनी डोक्यावर पाणी वतायचं, मंग पाऊस येतो म्हणं. पर पाला बांधणार कोण? जो तो दुसऱ्याकडं बगतोय! शेवटी सुंदररावच वाकला. चट्ट्याला हात लागला, दचकला... मंग म्हणतोय, "च्यायला, निसती नांगरटच की!" आन् बांधत ऱ्हायला. किती वर्सांनी परक्याचा हात लागला वो अंगाला! भिवराबाई म्हातारीनं टँकरच्या पाण्यातला भरला तांब्या वतला, म्हणली, "गार वाटतंय का रं लेका?" लई गार वाटलं, मावशे!

पाऊस? कशाचा पाऊस! पर आता रोज सकाळी सगळे ओट्यावर येतेत, खेटून बसतेत, चट्टे फिके पडले का म्हणून वाकून बगतेत... आन् माझं सगळं ऊन अडवतेत! सरका म्हणावं तर जीभ रेटत न्हाई. बसा बाबांनो, बसा... कातडं काय, हुईल सावकाश!