उरलेलं अर्धं पटांगण

माय-माऊल्यांनो, मंडळींनो, मला बोलायचं नव्हतं. मी या गावची अंगणवाडी ताई, लेकरांना गाणी शिकवते. बबनमामांच्या फोटोसमोर काय बोलावं ते सुचत न्हाई. पण आत्ता तिघं जण बोलून गेले, मामांचे गावावर लई उपकार म्हणाले, आणि माझं डोकं फिरलं.

काल सकाळी मामांची राख सावडायला किती लोक आल्ते? अख्खं गाव आल्तं. मंग मला सांगा, वर्षभर दर रविवारी मामा घरोघर जाऊन म्हणायचे, 'राख उचलायला चला.' तवा किती आल्ते? चार. मामा धरून चार.

ती राख बंद पडलेल्या कारखान्याच्या भट्टीची. मालक कुलूप लावून गेला. पण गावात ती कुणी आणली? आपणच आणली. फुकटचा भराव म्हणून भांडून आणली. कुणी ओट्याखाली घातली, कुणी गोठ्यात. अंगणवाडीसमोर चिखल होतो म्हणून मीच म्हणाले, मामा, तुमच्या ट्रॅक्टरनं चार ट्रॉल्या टाका. त्यांनी टाकल्या. त्याच्यावर माझी लेकरं खेळली.

मंग हापशाला तांबडं पाणी आलं. साहेब लोक आले, राखेचं विष पाण्यात उतरलंय म्हणाले, पाणी पिऊ नका म्हणून हापशाला लाल रंग फासला. म्हणाले, कारखान्यातली राख आम्ही उचलतो, गावात पसरलेली तुम्ही गोळा करून द्या. त्या सभेत सगळ्यांनी हात वर केले. सरपंच, तुम्ही तर दोन्ही केले. आणि रविवार आला तवा? कुणाचा ओटा नवा होता, कुणाची फरशी महागाची होती.

मामा म्हणाले, 'ताई, म्याच टाकली, म्याच उचलीन.' मी म्हणाले, वय झालं मामा, दमानं घ्या. तर म्हणाले, 'लेकरं थांबून राह्यलीत का मोठं व्हायचं?'

तीन दिवसांखाली अंगणवाडीचं पटांगण अर्धं उकरून झाल्तं. घमेलं हातात घेऊन मामा खाली बसले ते उठलेच न्हाईत. मी खिडकीतून बघून राह्यले होते, आत खिचडी वाटत होते. तुमचा राग येतो मला. माझा त्याहून जास्त येतो.

उरलेलं अर्धं पटांगण अजून तसंच हाय. उद्या सकाळी लेकरं येणार हायत. मी त्यांना कुठं खेळवू?

आता उठा. दोन मिनिटं गप उभं राहू. त्या राखेवर आपण इतकी वर्षं गप राह्यलो, दोन मिनिटं काही जड जायची न्हाईत. मंग कुणी घरी जायचं न्हाई. मामांची ट्रॉली बाहेर उभी हाय, फावडं तिच्यातच हाय. तोंडाला रुमाल बांधा आणि माझ्यामागं या. काल मामांची राख सावडली, आज ही सावडायची. पहिलं घमेलं माझं.

मामा, तुम्ही बसा आता. उरलेलं अर्धं आमच्याकडं.