उरलेली अर्धी

"कुठं दुखतंय गं, बया माझी?" लहानपणी आई जात्यावर दळता दळता विचारायची. कर्जतच्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेल्या रतनबाईला तो आवाज आठवला, कारण शेजारचं ऊसतोड जोडपं त्याच प्रश्नावर अडलं होतं.

"पाठच दुखती का गोळी कमी झाली म्हनून दुखती, कायबी कळंना झालंय, झुंबरे."

"अवं, डॉक्टर म्हनलं न्हाई का, सवय सुटताना अंग असंच मागतं म्हनून?"

"मग पुरी दे की आज."

"अर्धीच द्यायला सांगितलीय. देनार न्हाई."

"लई मोठी डॉक्टरीन! पाठीसाठी दिलेली गोळी, मीच येडा, दुकानातून आनून खात बसलो."

"आता सुटंल."

"सुटंल कवा? दिवाळी झाली की टोळी हलनार. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजत्यात. मी आडवा पडलो तर तुला एकटीला कोन नेनार?"

"म्हनून तर आलोय हितं."

"तुझं बरं हाय. माझ्यायवढ्याच मोळ्या वाहतीस, तुझं कायबी दुखत न्हाई."

"तुमचा नंबर आला का बगा."

"यील की. आन् ती उरलेली अर्धी काय करतीस?"

"चुलीत टाकते."

"बिभीषण कोण? या आत," आतून नर्सनं हाक मारली.

"चल, उठ."

"अवं, थांबा जरा."

"आता काय?"

"माझंबी नाव सांगा आत. उरलेली अर्धी मी खाते."