सहाशे चौदा वाचक

...नाही, मले एवढंच सांगा, धडधाकट मानसानं ब्लॉग लिहावाच काऊन? आँ? दीड एकर वांगी हाय, विहिरीले पानी हाय, बायको रुख्मिणी शहाणी हाय, आता याच्यावर मानसाले अजून काय पाहिजे? पन आमच्या इंद्रभानले वाचक पाहिजे! तुम्हाले सांगतो, मी कडूबा, त्याचा शेजारी. सुलतानपूरच्या शिवारात त्याच्या अन् माह्या वावराच्या मंधात एकच धुरा हाय, बांध म्हना पाहिजे तं, अन् त्या धुऱ्यावर बसून गड्यानं जे जे सोसलं ते समदं मी पाह्यलं, म्हनून सांगून राह्यलो, नाही तं मले काय पडलं हो...

सुरू कुठून झालं? बुलढान्यातून. तिथं एका हॉलात ब्लॉग लिहाचं शिबिर व्हतं. हा गेला यष्टीनं, दिवसभर बसला, अन् तिथं पुन्याहून आलेले एक सर, पांढरा झब्बा, हात असे हवेत, म्हने, "मित्रांनो, विषय शोधायला जाऊ नका. शांत बसा. विषय तुम्हाला शोधत येतील!" झालं! दुसऱ्या दिवसापासून इंद्रभान धुऱ्यावर शांत. वांगे तोडाचे राह्यले, फवारनी राह्यली, हा विषयाची वाट पाहून राह्यला. तीन दिवस कोनी नाही आलं. चौथ्या दिवशी आली... माही म्हैस! अकरा झाडं खाल्ली तिनं वांग्याची, तोवर याले वाटे का विषयच हाय!

अन् लिहिलं ना लेकानं! 'म्हैस आणि मी'. ब्लॉगचं नाव 'धुऱ्यावरून'. त्यात सूर्योदय, त्यात आजा, त्यात म्हशीच्या डोळ्यातली माया... मी म्हनलं, "इंद्रभान, बावा, म्हैस माही हाय, दोन शिव्या देऊन मोकळा हो, माया काऊन काढून राह्यला तिची?" तं म्हने, "कडूबा, हे आतून येते." आतून येते तं येऊ दे बापा! पन वाचते कोन? महिनाभरानं पाह्यलं, वाचक दोन. एक इंद्रभान स्वतःच्या मोबाईलवर, अन् दुसरा इंद्रभान, रुख्मिणीच्या मोबाईलवर!

मंग काय काय नाही केलं त्यानं! मथळा दिला, 'वांग्याचं हे रहस्य वाचाल तर थक्क व्हाल!' कोनी थक्क झालं नाही. गावच्या ग्रुपवर टाकलं, तं खाली तीन गुलाब, एक 'शुभ सकाळ' अन् एका मानसानं पाठवलं का काल हरवलेली छत्री सापडली. पोस्ट पडली, गुलाबाखाली दबली, मेली. वाचते कोन?

हसू नका हो. मी हसलो, पन मंग एक दिवस तो म्हनला, अन् माह्यं हसू थांबलं. बाप वारला तवा त्याची शाळा बारावीतच सुटली, निबंधात कायम पैला नंबर व्हता गड्याचा. म्हने, "कडूबा, मले बक्षीस नाही पाहिजे. मी जे रोज पाह्यतो ते कोनी एकानं वाचावं अन् म्हनावं, हाव रे, असंच असते. एवढंच." आता एवढं साधं मागनं, ते बी पुरं होऊ नये म्हंजे काय!

अन् मंग ती पत्रिका आली. स्टँडवरच्या हाटेलात बसलो व्हतो आमी दोघं, अन् समोर भगवानराव, गावातली मोठी असामी, चष्मा लावून कोनाच्या तरी लग्नाची पत्रिका वाचून राह्यले. कशी? खालून वर! बोट ठेवून! आपले विनीत, प्रेषक, व्यवस्थापक, समस्त अमुक परिवार... चहा थंडा झाला पन भगवानराव हलले नाही. माह्यं लक्ष चहात, अन् इंद्रभानचे डोळे चमकले! घरी जाऊन त्यानं नवी पोस्ट लिहिली अन् खाली, पत्रिकेत छापते तशी, नावं टाकली. आपले विनीत: चाळीस नावं. मार्गदर्शक: बारा. किलबिल: गावातले जवळजवळ समदे लेकरं, पार तान्ह्या छकुल्यापासून!

तुम्हाले सांगतो... चार दिवसात सहाशे चौदा! मोबाईल नसलेल्या मानसानं दुसऱ्याचा मागून पाह्यलं. आशाबाई वावरात आल्या, कमरेवर हात, "काऊन रे इंद्रभान, माह्या नातवानं तुह्यं काय घोडं मारलं? किलबिलमंधी त्याचं नाव काऊन नाही?" टाकलं. हरिओम पानवाला आला, "माह्यं नाव मार्गदर्शकात घे ना बे, विनीत तं कोनी बी असते." घेतलं. आता पोस्टीचं असं झालं का मजकूर चार ओळी अन् नावं दोनशे बारा! विषयाची चिंताच मिटली. पुन्याचे सर उगंच दमले हो, विषय लागते कोनाले?

एकच वाकडं झालं. सहदेव, त्याचा सख्खा मोठा भाऊ, वायला, आपल्या वेगळ्या घरात राह्यते, त्याचं नाव भगवानरावाच्या खाली गेलं. "भावाले खाली टाकते अन् गावाले वर?" म्हनून सहदेवनं बोलनं टाकलं. इंद्रभानचं तोंड उतरलं, पन तो मनाले समजावे, जाऊ दे, वाचक तं हायत.

तेवढ्यात पोरीचं बारसं आलं. पैलं लेकरू, रुख्मिणी माहेरून तीन महिन्यानं परत आलेली, हिवरा आश्रमाहून सासरे ज्ञानेश्वरबुवा अन् त्यायचे दहा-बारा पाव्हने येनार. रुख्मिणी म्हने, "अवो, घरोघरी जाऊन आवतन द्या." आता आवतन म्हंजे आपल्याकडे काय हे तुम्हाले ठाऊक हाय, दारात उभं राहून तोंडानं 'जेवाले या' म्हनल्याबिगर कोनी येत नाही, मंग तो शेजारी असो का सोयरा. तं हा काय म्हनला? "तू कोन्या जमान्यात हायस? सहाशे चौदा वाचक हायत माह्ये!" टाकली पोस्ट. चार ओळी: रविवारी बारसं, जेवाले समद्यायनं या. खाली दोनशे बारा नावं. कढईले कढई लागली, तीनशे मानसाचं वरन-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी!

रविवार. अकरा वाजले. सतरंज्या टाकलेल्या. बारा वाजले. सतरंज्यावर एक कोंबडी. मी व्हतो, हो, पन खोटं काऊन बोलू, मी बुंदीचा वास आला म्हनून भिंतीवरून डोकावलो व्हतो. पोस्ट म्या बी नव्हती वाचली! नाव पाह्यलं, सतरावं हाय, खुश झालो, ठेवला मोबाईल. एक वाजता ज्ञानेश्वरबुवा हळूच जवळ सरकले, "जावईबापू, गावात काही दुखवटा हाय का?" इंद्रभान तसाच कोपऱ्यात गेला, भगवानरावाले फोन लावला.

"भगवानराव, ब्लॉग वाचला नाही का?"

"वाचला ना! लय भारी लिहिलं भाऊ, डोळ्यात पानी आलं! दुसरं नाव हाय माह्यं!"

"अवो, कार्यक्रम आज हाय!"

"कोनता कार्यक्रम?"

तुम्हाले सांगतो, त्याचं तोंड पाहवत नव्हतं. सासरा पाह्यते, पाव्हने पाह्यते, पाळन्यात पोरगी रडते, अन् एवढ्या अन्नापाशी गावातला आपला मानूस म्हनाले कोनी नाही. लाज वाटली गड्याले, खरीखुरी लाज, कान लाल झाले. ते गुलाब झेपले व्हते त्याले, पन हे नाही झेपलं. अन् माह्यं मन बी मले खाऊन राह्यलं, कारन मी त्या सहाशे चौदातलाच ना!

रुख्मिणी उठली. चिडली नाही. पोरगी नंदेच्या, वंदनाच्या मांडीवर देली, कुकवाचा करंडा घेतला, डोक्यावर पदर, चपला घातल्या अन् निंघाली. पैलं घर कोनाचं? सहदेवचं! मी मांगं मांगं गेलो, मले राहवलं नाही. दारात उभी राहून जावेले कुकू लावलं अन् आत पाहून म्हने, "दादा, पुतनीचं नाव ठेवाचं हाय. तुमी आल्याबिगर मी पाळना हालवू देत नाही." बस. दीड ओळ! किलबिल नाही, मार्गदर्शक नाही! सहदेव फवारनीचा पंप तसाच टाकून उठला, डोळे पुसत, "मले कोनी सांगतलंच नाही ना माय..." वाचलं नाही म्हना ना!

तशीच ती दारोदार फिरली, अन् पाऊन घंट्यात अंगन भरलं हो! वंदनानं पोरीच्या कानात 'कुर्र' केलं, अनुपमा नाव ठेवलं, सहदेवनं पाळना हालवला, दोघा भावायनं एका ताटात बट्टी चुरली. चौथ्या पंगतीले बुंदी संपली. अन् जो उठे तो हात धुता धुता इंद्रभानच्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हने, "ब्लॉग लय भारी हाय हं, रोज वाचतो मी!"

दुसऱ्या दिवशी गड्यानं काळीज ओतून लिहिलं. रिकाम्या सतरंज्या, रुख्मिणीचा करंडा, सहदेवचे डोळे, समदं. ही पोस्ट मातर म्या वाचली, पुरी वाचली, अन् भरून आलं मले. मथळाच व्हता, 'आमच्या लेकीचं नाव अनुपमा'. खाली, सवयीनं, नावं. पैला प्रतिसाद भगवानरावाचा: "हार्दिक अभिनंदन! नाव काय ठेवलं पोरीचं?"

सांगा आता, वाचते कोन?

पन इंद्रभान बी हटला नाही. आता त्यानं रीतच बदलली. पोस्ट लिहिली का फटफटी काढते, घरोघरी जाते, दारात उभा राह्यते अन् हात जोडून, तोंडानं आवतन देते, "नवीन ब्लॉग लिहिला हाय, वाचाले या."

अन् लोकं बी मोठ्या मायेनं म्हनते, "येतो ना बापा, समदे येतो... जेवाले काय केलं हाय?"