नुसती बघायची गाडी

नाही, तिथं नका ठेवू—तिथं बंपर वाळत घातलाय. तिथंही नको, तिथं रंग ओला आहे, तुमच्या शर्टाला लागेल. जावईबापू, कुणाच्या तोंडात हात घालायच्या आधी तुम्ही 'आ करा' म्हणता की नाही—मग माझ्या टेबलावर काही ठेवायच्या आधी विचारत जा. हां. स्टुलावर ठेवा ती पेटी आणि बसा. बसा हो, दाराशी उभं राहून काय निरोप सांगताय. आणि परत एकदा सांगा बघू. बाबांनी गाडी बघायची. हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, पण तिला काही करायचं नाही. आणि जशी आहे तशी तुमच्याबरोबर परत पाठवली, तर माझी लेक रविवारी तिच्या पोरीला घेऊन इथं येणार. काही केलं तर नाही येणार. बरोबर? वा. म्हणजे या वयात मी परीक्षा द्यायची, आणि समोर लक्ष ठेवायला कोण, तर दातांचे डॉक्टर.

नाही हो, राग कसला. मला आपलं हसू येतंय. तुमच्यावर तर नाहीच, तुम्ही बिचारे निरोप्ये. लग्नात आपण दोन वाक्यं बोललो असू, तेव्हाही तुम्ही माझ्याकडे कमी आणि माझ्या पुढच्या दाताकडे जास्त बघत होतात. आणि नात म्हणाल तर बरं चाललंय की तिचं, माझ्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. तुमच्या सासूबाई जातात दर महिन्याला, फोटो घेऊन येतात आणि मुद्दाम त्या कपाटावर उभे करून ठेवतात, माझ्या नजरेसमोर. मी नाही बघत. एका गालाला खळी पडते, डाव्या, उजव्याला नाही—एवढं आपलं जाता येता दिसतं. आणि आता सकाळपासून पडदे धुणं काय, दिवाणावरची चादर बदलणं काय—रविवार जणू ठरलाच. ऐकताय ना आतला आवाज? मी म्हटलं, अगं, अजून गाडी आलेली नाही, मी बघितलेली नाही, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असलं कशाला करतेस. तर म्हणाली, नुसतं बघायचंच तर आहे, तेवढं जमेल ना तुम्हाला. असं बोलते माझ्याशी. पस्तीस वर्षं जिच्याबरोबर काढली ती.

नुसतं बघायचं. तुम्हाला कल्पना आहे का, या शहरात नुसतं बघणारे किती आहेत? आमच्या छोट्या गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबात दर प्रदर्शनाला येतात, गळ्यात कॅमेरे अडकवून. आणि करणारे त्याहून भारी. आजकाल ज्याला त्याला गाडी मॉडिफाय करायचीय. खोक्यातली गाडी खोक्यावरच्या चित्रासारखी जोडता येत नाही, दार सरळ बसत नाही, आणि निघाले मडगार्ड रुंद करायला. पुट्टी थापायची, ती पुरती वाळायच्या आत रंग मारायचा—मग चार आठवड्यांनी पुट्टी आक्रसते, रंगाखाली खळगा पडतो, आणि म्हणायचं काय, तर हवाच दमट होती. काच सुपरग्लूनं चिकटवायची—सुपरग्लूची वाफ लागली की काच पांढरी पडते हो, पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट ही—तर आमचे सेक्रेटरी म्हणतात, मी धुक्यातली गाडी दाखवलीय. धुक्यातली! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. कारखान्यात माणसांनी डोकं झिजवून ती गाडी काढलेली असते. अमुक साली, अमुक रंगात, अमुक चाकांवर. ती तशीच्या तशी एकास चोवीस मापात उतरवायची, हे खरं काम. तुम्ही कोण तिचं छप्पर कापणारे?

हो, ती कापायची छप्परं. तुमची बायको. मीच शिकवलं तिला सगळं, या स्टुलावर बसून, ज्यावर आत्ता तुमची पेटी आहे. सोळाव्या वर्षी माझ्यापेक्षा स्वच्छ हात होता तिचा—आणि त्या हातानं करायची काय, तर धडधाकट बंद गाडीचं छप्पर करवतीनं काढून टाकायची. का, तर म्हणे, तिला वारा हवा. कुणाला? गाडीला. प्लास्टिकच्या गाडीला वारा हवा. बोलायची सोय नाही. आणि रंग तर असले की कुठल्या कंपनीच्या बापजन्मात निघाले नसतील.

तिनं सांगितलंच असेल तुम्हाला ते. सांगितलंय ना? तोंडावर दिसतंय. बरं झालं, मग माझंही ऐका, एकाच बाजूनं ऐकून माणूस बहिरा होतो. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि ही गेलेली नोकरीच्या मुलाखतीला, दुसऱ्या गावी. गाडी इथं टेबलावर. काम उत्तम, म्हणजे कापलेलं छप्पर सोडून उत्तम—आणि रंग जांभळा. जांभळा म्हणजे कसला, तर वांग्याला लाज वाटेल असला. परीक्षक दाराशीच नाक मुरडणार. पोरीच्या एवढ्या कष्टांचं असं व्हावं? कुठल्या बापाला बघवेल? मी गाडी ब्रेक ऑइलच्या डब्यात बुडवून ठेवली, रंग सगळा सालीसारखा सुटून आला, मग कारखान्याचा पांढरा मारला, अगदी साल बघून. माझ्याकडे त्याच गाडीचं दुसरं खोकं होतं, त्यातलं छप्पर काढलं आणि बसवलं. सांधा असा भरला की भिंगातून दिसू नये. आणि पहिलं आलं, जावईबापू. पहिलं. आणि चिठ्ठीवर नाव कुणाचं? तिचं. माझं नाही—मी माझं घालू शकलो असतो, काम निम्मं माझं होतं. ती स्टेशनवरून थेट हॉलमध्ये आली, बॅग खांद्याला, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि ही गाडीसमोर उभी. बघतेय. मग परीक्षकांना म्हणते, काहीतरी चुकलंय, ही माझी नाही. चारचौघांत. सेक्रेटरी माझ्याकडे बघतोय, लोक माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, अगं, तुझीच आहे. तर म्हणाली, माझी कुठं ठेवलीत मग? एवढंच. ना आरडाओरडा, ना काही. घरी आली, कपडे भरले, आणि मिळालेल्या नोकरीवर निघून गेली. पाच वर्षं झाली. लग्नात पाया पडली तेवढीच. आणि दोषी कोण, तर ज्यानं बक्षीस मिळवून दिलं तो. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच.

असू दे. उघडा पेटी. मी उघडत नाही, तुम्हीच उघडा, नाहीतर म्हणाल कडीला हात लावला. हं. हिरवी. शेवाळी हिरवी. वाटलंच होतं. ही गाडी आयुष्यात कधी हिरवी निघालेली नाही, लाल निघाली, पिवळी निघाली, शेवटच्या वर्षी राखाडी निघाली. आणि छप्पर—अर्थात नाही. आणा इकडे. हातात घ्यायची परवानगी आहे ना? कृपा.

चाकं एवढी आत कशी बसवली... सस्पेन्शन कापून खाली घेतलंय. ही खरी असती तर पहिल्या खड्ड्यात पोट फाडून घेतलं असतं हिनं. मडगार्ड रुंद केलेत, पुट्टीनं. थांबा, उजेडात धरू द्या. खळगा नाही. कुठंच नाही. म्हणजे महिना महिना ठेवलीय वाळत—ती, जिला तव्यावर पोळी फुगेपर्यंत धीर नव्हता. मूल झालं की येतो धीर, नाइलाजानं. सीटवर शिवण दाखवलीय, बघितलीत? तुम्ही कशाला बघाल. टाके आहेत ते, एकेक कोरलाय. कशानं कोरला हा—सुईनं एवढा गोल नाही येत. तुमचं हत्यार आहे हे. दात टोकरायचं, वाकड्या टोकाचं. हो ना? मला वाटलंच. इतकी वर्षं मी शिंप्याच्या सुया घासत बसलो, आणि हिनं नवराच हत्यारांसकट केला. नाही, हसू नका, स्तुती नाही करत मी. आरशाच्या काचा तेवढ्या बऱ्या आहेत. सीटबेल्ट गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीचे, ते माझंच आहे, मी शिकवलेलं. सांगत नसेल कुणाला.

पण रंग. हा रंग डब्यातून आलेला नाही, हा मिसळलाय. निळा आहे थोडा, आणि... तपकिरी? हिरव्यात तपकिरी कोण घालतं? उन्हात धरला की वेगळाच दिसतो. विचारलंत कधी तिला, काय घालते म्हणून? तुम्हाला काय, हिरवं म्हणजे हिरवं.

आणि तरी बघा, शेवटी माती खाल्लीच. ही, इथं, मागं, जिथं छप्पर कापलंय त्याच्या कडेला. रेघ दिसते? अशी बारीक उभी. ही साच्याची रेघ. प्लास्टिक दोन साच्यांमध्ये ओततात, साचे जिथं मिळतात तिथं अशी रेघ उठते, सगळ्या गाड्यांवर. ती पात्यानं खरवडायची, घासायची, मग रंग. पहिला धडा. पहिला! टाके कोरत बसली आणि पहिला धडा विसरली. एवढी चांगली गाडी आणि मागून बघितली की नवशिक्याची. लोक मागूनच बघतात हो, समोरून सगळे चांगलं म्हणतात, मागं गेले की बोलतात. आणि तुम्ही इतके दिवस एका घरात राहता, तुमचंही लक्ष जाऊ नये? दाताला केसाएवढी चीर असली तर दिसते तुम्हाला, आणि बायकोच्या गाडीवर एवढी रेघ—उद्या ही क्लबात ठेवली तर तो सेक्रेटरी, तो धुकंवाला, तो बोट दाखवेल हिच्याकडे. तो. माझ्या मुलीच्या कामाला. त्याच्यापुढे मी काय तोंड—

का उठलात? काय झालं? बसा ना, मी सांगतोय तुम्हाला...

हे? हे पातं तर केव्हापासून हातात आहे माझ्या, बंपर घासत होतो तुम्ही यायच्या आधी. मी काही—एवढंसंच लागलंय. अहो, रेघच काढतोय, गाडीला काही करत नाहीये. दोन हात पात्याचे, तिलाही कळणार नाही, उलट...

थांबा.

हे सुटलं. साच्याची रेघ अशी सुटत नाही. ती प्लास्टिकचीच असते, खरवडली की भुसा पडतो तिचा. हा दोरा आला. अख्खा. बघा, पात्यावर, केसाएवढा—हा चिकटवलेला होता. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढायची, की असा दोरा निघतो. शंभर ओढावेत तेव्हा एक सारखा येतो. जोड दाखवलाय तिनं. खऱ्या गाडीचं छप्पर कापलं तर तिथं पत्रा वेल्डिंगनं जोडावा लागतो ना, त्याची वळी उठते. ती दाखवलीय. आणि ही दुसऱ्या बाजूला—आहे. तश्शीच. तेवढीच लांब. मला आधी ही बाजू बघायला काय झालं होतं?

बसा. नका घेऊ ती, द्या इकडे, मी चिकटवतो. रंग लावतो वरून, एवढीशी तर जागा आहे, पांढरं दिसतंय तेवढंच. हिरवे माझ्याकडे सात आहेत. हा—हा निळसर पडतो. हा नको. यात तपकिरी... नाही. हा नाही जमणार. हा तिचा रंग आहे.

जावईबापू, एक काम करा. सांगा, वाटेत धक्का लागला. बसमध्ये. पेटी पडली म्हणा, तुमच्या हातून. तुमच्यावर नाही रागावायची ती एवढी. पोरीला घेऊन येऊ द्या एकदा, रविवारी, तासभर, मग मी सांगेन खरं काय ते. मी स्वतः सांगेन. तुम्ही फक्त... बरोबर आहे. मान हलवलीत तेच बरोबर. आणि खोटं बोललात तरी काय, पडलेली गाडी अशी दिसत नाही. पात्याची धार कुठून कुठं गेली ते ती नख फिरवून सांगेल. डोळे मिटून. माझ्यासारखंच.

न्या. कापूस घाला बाजूनं, आरसे मोडतील. हा दोराही ठेवा आत, त्या कागदात गुंडाळून, तो तिचा आहे.

आणि हे बघा—जाताना आत जा. तुमच्या सासूबाईंना रविवारचं तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. मला नाही सांगता येणार. जा आता, आणि दार ओढून घ्या, रंग ओला आहे, धूळ बसते.