दारासमोरचं थांबणं

काल रेडिओवर गाताना शेवटच्या ओळीआधी सेलेस्त फोंतनेत शब्दच विसरली होती. आज ती न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्याच गल्लीत, दर सोमवारी राजमा-भात विकणाऱ्या खानावळीच्या रांगेत मान खाली घालून उभी होती. पुढे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"काल फोंतनेतांची पोर मधेच अडकली गं! मला वाटलं, रेडिओच बंद पडला."

"अडकतेय कशाला? थांबली ती. तिचा आजा ओनेसिम असाच थांबायचा."

"ट्रम्पेटवाला?"

"तोच. अंत्ययात्रेपुढे वाजवत चालायचा, आणि यात्रा मेलेल्याच्या घरासमोर आली, की ट्रम्पेट खाली घ्यायचा. सगळी गल्ली चिडीचूप. मग शेवटची ओळ."

"तुझ्या दारात थांबला होता?"

"माझ्या नवऱ्यासाठी, एर्नेस्टसाठी. ऊन मी म्हणत होतं, तरी त्याने घाई केली नाही. ते उपकार विसरायचे का? काल पोर थांबली, तशी मी चुलीपुढेच छातीवर क्रुसाची खूण केली."

"हे तिला सांग की कधीतरी."

"सांगेन."

डबे घेऊन दोघी वळल्या. सेलेस्त पुढे सरकली.

"काय देऊ, बाई?" खानावळवाल्याने विचारलं.

ती दाराकडे निघालेल्या त्या दोघींकडेच बघत राहिली.

"बोला पटकन, मागे रांग आहे!"

"गप रे," एर्नेस्टची म्हातारी सेलेस्तला ओळखून दारातून म्हणाली. "थांबू दे तिला. घराण्याची रीत आहे ती."